पिंपातला पुढारी

वेनफर्ड, ९ ऑक्टोबर १७९२

प्रिय गिडियन,

तुझं नवं छापचित्र पोचलं. लॉर्ड स्टॅनवुड म्हणजे राज्याच्या मानेला चिकटलेली जळू, हे झकास. पण जळवेच्या डोक्यावर केसांचा टोप कशाला चढवलास रे? सायलसने ते दुकानात टांगलंय. गिऱ्हाइकं पिंपाचा भाव विचारायला येतात आणि प्रधानाला दोन शिव्या घालून रिकाम्या हाताने परत जातात.

आता आमच्याकडची गंमत ऐक. वाचताना तांब्याचा पत्रा कोरायच्या तेजाबाची बाटली जवळ ठेवू नकोस, सांडशील. तुझ्या भावोजींनी आणि चार टाळक्यांनी मिळून इथे एक मंडळ काढलंय. ‘काळा हंस’ खानावळीच्या मागच्या खोलीत बसतात, वर्तमानपत्र वाचतात, आणि म्हणतात की प्रत्येक माणसाला मत हवं. आमच्या गावातून पार्लमेंटात कोण जाणार ते सर रॅन्डल जेवता जेवता ठरवतात, हे तुला ठाऊकच आहे. तर गेल्या गुरुवारी सायलसची बोलायची पाळी होती. त्याची जीभ ‘प’वर अडकते आणि विषय कोणता, तर पार्लमेंट! अंगात आमच्या बाबांचा जुना कोट, दोन माणसं मावतील असा. खुर्ची मिळेना म्हणून चढला खानावळीच्या पिठाच्या पिंपावर. पा-पा-पा करत हात वर केला आणि झाकण मोडलं! कमरेपर्यंत आत. खोलीभर पीठ. पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या. आणि गिडियन, ते पिंप त्याने स्वतः घडवलेलं! खानावळवाला ओरडला, “पेल, आधी झाकणं बसवायला शिक, मग राज्य बसव!”

लोक गडाबडा लोळले. मीही. पण सायलस बाहेर आलाच नाही. तिथेच उभा राहून बोलत राहिला, आणि काय झालं कोणास ठाऊक, जीभ अडकायची थांबली. आपल्या बापाबद्दल बोलला, जो आयुष्यभर कर भरत राहिला आणि ज्याला कधी कोणी काही विचारलं नाही. हळूहळू सगळे गप्प झाले. मी दारात उभी होते. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

कोटातलं पीठ अजून निघतंय.

तुझी ताई,
केझाया

*

लंडन, २० ऑक्टोबर १७९२

प्रिय ताई,

पोट दुखलं हसून हसून. भावोजींना माझा साष्टांग नमस्कार सांग, तोही पीठ झटकून. तुझ्या हातात माझी चित्रं कोरायची सुई हवी होती. तू लिहितेस तेव्हा माणूस समोर उभा राहतो. मला मात्र त्याला आधी टोप घालावा लागतो.

डॅम्पियरबाईंच्या छापचित्रांच्या दुकानाच्या काचेपुढे सकाळपासून अशी गर्दी असते की गाड्या अडतात. सरदार, कोळसेवाले, खिसेकापू, सगळे एकाच काचेला नाक लावून. परवा स्टॅनवुडचा नोकर येऊन जळवेच्या प्रती घेऊन गेला. मालकांना फार आवडली म्हणे! इथे ज्याचं वाकडं चित्र निघत नाही तो मोठा माणूसच नव्हे. तू काळजी करतेस म्हणून सांगतो: त्यांना राग येत नाही, गुदगुल्या होतात.

आता काढतोय ते याहून भारी. राजेसाहेब अंगडं-टोपडं घालून स्टॅनवुडच्या मांडीवर बसलेत आणि तो त्यांना चमच्याने युद्ध भरवतोय. बाई म्हणतात, राजाला हात लावू नकोस. पण काचेपुढची गर्दी काय म्हणेल ते बाईंना कळत नाही.

माझ्या भाचीला, प्रूला, पापा.

तुझा,
गिडियन

*

लंडन, १४ जानेवारी १७९३

प्रिय ताई,

तुझी नोव्हेंबर-डिसेंबरची सगळी पत्रं समोर आहेत. रागावू नकोस. मला ताप होता. उठवत नव्हतं. आता बरा आहे. बिऱ्हाडही बदललंय, पण पत्रं डॅम्पियरबाईंच्या पत्त्यावरच पाठव.

काम पुष्कळ आहे आणि आता नियमित आहे. त्या राजाच्या चित्राचा पत्रा मी मोडून टाकला. फ्रान्समध्ये क्रांतीवाल्यांनी त्यांच्याच राजाला कोर्टात उभं केलंय. इथली हवा पार बदलली. ऑक्टोबरात ज्या गोष्टीवर हसत होते, तिच्यावर आता हातकड्या पडतात.

म्हणून सांगतो, भावोजींना म्हणावं मंडळ सोडा. तूही पत्रात असलं काही लिहू नकोस. टपालात पत्रं फोडतात. पिंपं विका, प्रूला सांभाळा, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसा. एवढं माझं ऐक.

गिडियन

*

वेनफर्ड, २ मार्च १७९३

प्रिय गिडियन,

तुझा ताप नक्की कसला होता? पत्र वाचून वाटलं, दुसऱ्याच कोणीतरी लिहिलंय.

इथे एक विचित्र गोष्ट घडली आहे. गेल्या आठवड्यात सर रॅन्डलचा कारभारी लंडनहून आलेला चित्रांचा गठ्ठा घेऊन गावभर फिरला. फुकट वाटत होता. खानावळीत, चर्चच्या दारावर, शाळेत. चित्राचं नाव ‘पिंपातला पुढारी’. पिठाच्या पिंपात कमरेपर्यंत रुतलेला लांबुडका माणूस, ढगळ कोट, गळ्याची घाटी बाहेर आलेली, पांढऱ्या पापण्या. तोंडातून शब्द निघतायत: “पा-पा-पार्लमेंट पा-पा-पाडा!” एका हातात गिलोटिनची दोरी, पिंपाभोवती सरदारांची मुंडकी. खाली लिहिलंय: ‘याला झाकण बसवता येत नाही, हा राज्य बसवणार!’

गिडियन, तो सायलस आहे. नाकाच्या वळणापर्यंत सायलस आहे.

पहिल्या दिवशी तो स्वतः हसला. “बघ, मी एवढा मोठा कधी झालो?” म्हणत त्याने ते दुकानात तुझ्या जळवेशेजारी लावलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्या मेरीने तिची पिंपं परत आणून दिली. म्हणाली, गळतात. गळत नव्हती. पोरं प्रूच्या मागे “पा-पा-पा” करत पळतात. काल कोणीतरी दुकानाच्या दारावर रक्त फासलं. डुकराचं असावं.

मला कोडं पडलंय की लंडनच्या माणसाला हे कळलं कसं? झाकणाचं ते वाक्यसुद्धा खानावळवाल्याचंच. मग तुझं आठवलं की टपालात पत्रं फोडतात. म्हणजे माझंच पत्र कोणीतरी फोडून वाचलं. या विचाराने मला झोप नाही. चित्राखाली नाव नाही. तू त्याच धंद्यातला आहेस. हे कोणी काढलं एवढं शोधून काढ. मला त्या माणसाला फक्त एक विचारायचंय: पत्र वाचलंस, तर पुढचं अर्धं का नाही वाचलंस?

तुझी ताई

*

लंडन, ११ मार्च १७९३

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. असली चित्रं काढणारे इथे ढीगभर आहेत. नावं घालत नाहीत, कोणी सांगतही नाही. विचारत फिरणं धोक्याचं आहे. हो, पत्र टपालातच फुटलं असणार. तू स्वतःला दोष देऊ नकोस.

चित्र आज आहे, उद्या नाही. पुढच्या महिन्यात लोकांना दुसरं काहीतरी मिळेल. पण तोवर तुम्ही तिथे राहू नका. हल शहरात भावोजींचे भाऊ आहेत ना? बंदरात पिंपांना मरण नाही. वाटखर्चाला सोबत थोडे पैसे पाठवतोय, परत करायचे नाहीत. लगेच निघा ताई. चित्र दुकानातून काढून टाका.

गिडियन

*

वेनफर्ड, १९ एप्रिल १७९३

गिडियन,

आम्ही निघालो नाही. सायलस म्हणाला, “मी पळालो तर चित्र खरं ठरेल.”

त्याला पकडून नेलं. आरोप असा की खानावळीत तो म्हणाला, राजा नसला तरी गाईगुरं दूध देतील. म्हणाला होता. हसत म्हणाला होता. साक्ष दिली खानावळवाल्याने, आणि साक्ष देताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मंगळवारी कोर्ट भरलं. न्यायाच्या खुर्चीवर सर रॅन्डल स्वतः. कारकुनाने नाव विचारलं. सायलस उभा राहिला, म्हणाला, “सायलस पे-पे-पे…” आणि पंचांच्या बाकावर एक जण फसकन हसला. मग दुसरा. मग सगळे. ती माणसं आमच्या गावची नव्हती रे. दूरदूरच्या खेड्यांतली शेतकरी मंडळी, त्यांनी सायलसला जन्मात पाहिलं नव्हतं. पण पाहिलं होतं. चित्र तिथेही पोचलं होतं. तो काही बोलायच्या आधीच त्यांना तो पाठ होता.

सर रॅन्डलनी दटावलं, “शांत बसा,” पण रुमाल त्यांच्याही तोंडावर होता.

सायलसने पाठ करून आणलेलं सगळं गिळलं. शेवटी एवढंच म्हणाला, “मी कोणाचं मुंडकं मागितलं नाही.” त्यावरही हसले.

बाजाराच्या दिवशी एक तास खोड्यात, आणि नंतर दीड वर्ष तुरुंग. तू येशील का? मला इथे एकटीला उभं राहवणार नाही.

ताई

*

लंडन, २६ एप्रिल १७९३

ताई,

मला येता येणार नाही. कारण विचारू नकोस. मी स्टॅनवुडसाहेबांच्या चिटणिसाकडे दोनदा गेलो, शिक्षेतून निदान खोडा तरी वगळा म्हणून. वाटलं होतं, माझं ऐकतील. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि दुसऱ्या वेळी हाकलून दिलं.

त्या दिवशी तू चौकात जाऊ नकोस. प्रूला घेऊन घरात बस. दार लाव.

गिडियन

*

वेनफर्ड, १ जून १७९३

गिडियन,

मी गेले. तो तिथे एकटा, आणि मी दार लावून घरात बसू?

खोडा उंच चौथऱ्यावर असतो. मान एका भोकात, मनगटं दोन भोकांत. सर रॅन्डलच्या माणसाने त्याच्या डोक्यावरच्या फळीवर ते चित्र ठोकलं. तासाच्या सुरुवातीला फक्त हसत होते. मग अंडी, कुजके बटाटे, पीठ. पिठाची पुडी मेरीने आणली होती, खानावळीतल्या आमच्याच पिंपातलं असेल. मग अंड्यात दगड घालून मारू लागले. मंडळातले एक म्हातारे मास्तर आहेत. ते तेवढे पुढे आले, टोपीत पाणी घेऊन चौथऱ्यावर चढले. शिपायाने त्यांना ओढून खाली आपटलं. मी ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही.

डावा डोळा गेला.

संध्याकाळी तुरुंगात मला थोडा वेळ भेटू दिलं. मी जखम पुसत होते. तो म्हणाला, “केझाया, दगड मारणाऱ्यांचं काही नाही. ते माझ्याकडे बघून मारत होते. हसणारे वर बघत होते, चित्राकडे. मी खाली होतो हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.” त्याची जीभ एकदाही अडकली नाही.

तू मागे लिहिलंस, “वाटलं होतं, माझं ऐकतील.” स्टॅनवुडला जळू करणाऱ्याचं स्टॅनवुडचा माणूस का ऐकेल? हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सारखं सुचतंय. काहीतरी सांगशील तर बरं.

केझाया

*

लंडन, सराय ‘घंटा आणि मुकुट’, १७ ऑक्टोबर १७९३

गिडियन,

सायलस गेला. २१ सप्टेंबरला, तुरुंगातल्या तापाने. कोठडीतले आणखी दोघे त्याच्याबरोबर. मला पाहू दिलं नाही, तापाच्या मढ्यांवर चुना टाकून लगेच पुरतात. एप्रिलनंतर तुझं एकही पत्र नाही, तरी मला वाटलं, आता माझं माणूस एवढंच उरलंय. घरातलं होतं नव्हतं विकून, प्रूला घेऊन काल गाडीने इथे आले. तुझ्या बिऱ्हाडाचा पत्ता माहीत नाही, म्हणून डॅम्पियरबाईंच्या दुकानावर गेले.

काचेपुढे खरंच गर्दी होती. प्रू माझा हात सोडून पळाली आणि काचेला दोन्ही हात लावून ओरडली, “आई, बाबा!”

माणसं हसली. त्यांना वाटलं, पोर थट्टा करतंय.

मी आत गेले. बाईंना फक्त एवढंच विचारलं की गिडियन ट्रँटर कुठे राहतो. त्या म्हणाल्या, “तो आता इथे कशाला बसेल! सरकारी माणसं थेट त्याच्या घरी जातात. चित्र हवंय का? हे घ्या, त्याचं सगळ्यात खपलेलं,” आणि सायलस माझ्या हातात ठेवला. वर म्हणाल्या, “गंमत म्हणजे हा खरा माणूस आहे हं, त्याच्या बहिणीच्या गावचा. तिचं पत्र त्याने इथेच आम्हाला वाचून दाखवलं होतं. काय हसलो आम्ही! बाईमाणूस फार नामी लिहिते.”

मी म्हटलं, “हो.”

त्यांनी पत्ता लिहून दिलाय. तुझं घर इथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. मी येणार नाही. उद्या पहाटेच्या गाडीने परत जातेय. काही म्हणायचं असेल तर लिहून पाठव, वेनफर्डला. नोव्हेंबरअखेरपर्यंत तिथे आहे.

केझाया

*

लंडन, ८ नोव्हेंबर १७९३

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली तेव्हा मी सरायीकडे धावलो. गाडी सुटली होती. त्या दिवसापासून हे पत्र लिहितोय आणि फाडतोय.

ताप नव्हता. राजाच्या त्या चित्रासाठी मला घरातून उचललं होतं. तुरुंगात ओल्या गवतावर झोपत होतो. मग एक सभ्य गृहस्थ आला, मला बिस्किटं दिली, म्हणाला, “ट्रँटर, तुमचा हात फार गुणी आहे. तो खोड्यात अडकावा असं लॉर्डसाहेबांना वाटत नाही.” सुधारणावाल्यांची चित्रं काढायची, बस्स. मी हो म्हटलं. तूही म्हणाली असतीस, ताई. नाही, तू म्हणाली नसतीस.

बाहेर आलो आणि हातातून काही उतरेना. त्यांना माणूस हवा होता, चेहरा हवा होता, दुसऱ्या दिवशी हवा होता. तुझं पत्र मला पाठ होतं. शपथेवर सांगतो, मला वाटलं की हे लंडनच्या काचेत लागेल आणि महिन्याभरात उतरेल. वेनफर्डला कोण चित्रं विकत घेतं? ते गठ्ठेच्या गठ्ठे गावोगाव फुकट वाटतील हे मला कोणी सांगितलं नाही. आणि एकदा ते तुमच्या गावात पोचल्यावर तुला काय सांगणार होतो? दर पत्रागणिक सांगणं कठीण होत गेलं.

पुढचं अर्धं मी वाचलं होतं. ते चित्रात मावत नव्हतं.

मी स्टॅनवुडचं काम सोडलं आहे. निदान सोडतो असं कळवलं आहे. सोबत भावोजींचं चित्र पाठवतोय. तुमच्या लग्नात पाहिले होते तसे, आठवून काढलंय. यात मी एक रेघही वाकडी मारलेली नाही. प्रूला बापाची ओळख यावरून राहू दे. माझ्यासाठी दुसरं काही मागत नाही.

गिडियन

*

वेनफर्ड, २७ नोव्हेंबर १७९३

गिडियन,

चित्र पोचलं. मी ते खिडकीपाशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. सरळ नाक, रुंद खांदे, शांत डोळे. अंगावर नीट बसणारा कोट. चर्चमधल्या भिंतीवर शोभेल असा माणूस आहे. प्रूला दाखवलं. तिने विचारलं, “हे कोण?”

मी तिला सांगायला गेले की हे बाबा, आणि माझ्याच तोंडातून शब्द निघेना. कारण हा सायलस नाही. त्याचे खांदे पडलेले होते. घाटी मोठी होती. कोट ढगळच होता. हे सगळं तुला ठाऊक होतं, ते तू एकदा काढलंस, आणि त्यावर जग हसलं. आता मी डोळे मिटले की मला तोच पिंपातला दिसतो, हातात दोरी घेतलेला. दोरी काढून टाकली की त्याच्यासोबत सायलसही जातो. तुझ्या या देखण्या माणसाचा तिथे काही उपयोग नाही. म्हणून परत पाठवतेय.

तुझा राग आहे का, हे मला नीट सांगता येत नाही. खोड्याच्या भीतीने माणूस काय करेल हे मी पाहिलंय. खानावळवालाही भ्यालाच होता. चित्र तू काढलंस, तेही एकट्याने, भिऊन. पण माझं पत्र दुकानात वाचून दाखवलंस तेव्हा तुला कोणी धरून ठेवलं नव्हतं. तेव्हा तू मजेत होतास. मला तेवढंच सारखं आठवतं.

प्रूला मी रोज थोडं थोडं सांगते. बाबा कसे हसायचे, पिंपाच्या पट्ट्या वाकवताना काय गुणगुणायचे, त्या गुरुवारी काय बोलले. शेवटचं मलाही सगळं आठवत नाही. मास्तरांना थोडं आठवतं. आम्ही दोघं मिळून जुळवतो.

सोमवारी आम्ही हल शहरात, सायलसच्या भावांकडे जातोय. तिथे पत्र पाठवू नकोस. पाठवलंस तर टपालवाला दारात उभा राहून पत्र घेणाऱ्याने द्यायचे ते पैसे मागेल. मी देणार नाही, आणि तो ते परत घेऊन जाईल.

केझाया पेल